अब्बांनी निवडलेली खेळणी

भूकंपानंतर आमच्या घरातली माणसं कान टवकारूनच जगायला लागली. कंधारला आमचं फारसं काही गेलं नव्हतं. फळीवरची भांडी पडली, दुकानाच्या कमानीवरून एक चीर खाली उतरली, आणि गल्लीतली म्हातारी माणसं कितीतरी दिवस घरात झोपायला तयार होईनात, एवढंच. जे गेलं ते तिकडं, लातूरच्या खालच्या गावांत गेलं. त्या पहाटेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ज्यांनी सोसलं त्यांनीच ते लिहावं. मला आठवतं ते नंतरचं. अम्मी जात्यावर तांब्या, तांब्यावर पेला आणि पेल्यावर चमचा अशी उतरंड रचून ठेवायची, म्हणजे जमीन हलली की ती आधी पडेल आणि आपल्याला बाहेर पळायला वेळ मिळेल. ती उतरंड गल्लीच्या तोंडाशी एसटी वळली तरी पडायची, मांजरानं अंग घासलं तरी पडायची. चमचा फरशीवर वाजला की आम्ही जिथं असू तिथं थांबायचो. अब्बा दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गप्प व्हायचे. मग अम्मी आतून सांगायची, "काही नाही, मांजर होतं," आणि सगळ्यांचा श्वास पुन्हा सुरू व्हायचा. चूल तिनं अंगणात आणली होती. खट्टी डाळ, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, सगळं आभाळाखाली शिजायचं आणि जेवणात थोडी धूळ यायचीच. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

आम्ही घरात दखनी बोलायचो. इथं ती माणसं मराठीत बोलताना दाखवते आहे, कारण आमची ती बोली कागदावर उतरवली की तिच्यातली खळखळ जाते. आमचं खेळण्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. अब्बांचं नाव इस्माईल, पण मुखेडच्या आणि लोह्याच्या बाजारात त्यांना सगळे चाचाच म्हणायचे. बाजाराच्या दिवशी पिपाण्या, खुळखुळे, भिरभिरी, रबरी चेंडू, पत्र्याचे बेडूक असा सगळा माल गोणीत भरून ते एसटीच्या टपावर चढवायचे आणि संध्याकाळी अर्धी गोणी घेऊन परत यायचे. त्यांचा एक नियम होता. पोराला कधीच सुचवायचं नाही. "पोराचं बोट जिकडं, माल तिकडं," असं ते म्हणायचे. आई-बाप भाव करत असले तरी अब्बांचं लक्ष पोराच्या बोटाकडं असे. पण ते पोर ती वस्तू घरी नेऊन तिचं काय करतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांना तसा प्रश्नही पडला नव्हता.

मी तेव्हा बारावीला होते, विज्ञान शाखेला, लातूरला. आमच्या मोहल्ल्यातून शिकायला बाहेर राहिलेली मी पहिलीच मुलगी. लातूरचं तेव्हा असं झालं होतं की मराठवाड्यातला प्रत्येक बाप आपलं पोर तिथं नेऊन सोडत होता. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, पहाटे अंधारात सायकलींची रांग, मेसच्या डब्यांचा वास, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, किती टक्के. मीही त्या रांगेत होते. खोलीत आम्ही चौघी राहायचो आणि एकमेकींच्या वहीकडं तिरप्या नजरेनं बघायचो. भूकंप झाला त्याच दिवशी अब्बा मिळेल त्या गाडीनं आले आणि मला घेऊन गेले. त्यानंतर आठवडे गेले, मी घरीच होते. सोबतच्या मुलीच्या वडिलांनी निरोप दिला की क्लास पुन्हा सुरू झालेत, मांडव घालून शिकवतात. अम्मीनं ऐकून घेतलं. "शिकवतात मांडवात. झोपायचं तर स्लॅबखालीच ना?" एवढंच ती म्हणाली. मी पडद्याआड भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून बसायचे आणि एकच पान परत परत वाचायचे. मागं राहिले तर काय, आणि गेले आणि पुन्हा जमीन हलली तर काय, या दोन भीतींच्या मधे माझा सगळा दिवस जायचा.

अशात एक दिवस दुकानात कलाबाई आल्या. चाळिशीच्या, डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी. त्या तिकडच्या, पडलेल्या गावातल्या. बालवाडी चालवायच्या. माळेगावच्या जत्रेत त्या दरवर्षी अब्बांकडून पोरांसाठी पिपाण्या न्यायच्या, तेवढीच ओळख. अब्बांनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि काय विचारावं ते न कळून पाणी आणायला सांगितलं. त्यांच्या घरातलं कोण राहिलं आणि कोण नाही हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

"चाचा, खेळणी पायजेत," त्या म्हणाल्या. "पत्र्याच्या शेडात बालवाडी परत चालू केली. खर्च एक संस्था करती."

"तिकडं तर पुष्कळ खेळणी आली म्हणतात."

"आली की. टरकानं आली. सेलवर पळणाऱ्या मोटारी आल्या, सेल संपले. निळ्या डोळ्याच्या बाहुल्या आल्या, त्या बायांनी पेटीत ठेवून दिल्या, म्हनल्या पोरीच्या लग्नात देऊ. पोरं नुसती बघत बसत्यात, चाचा. मला बघायची नगंत. खेळायची द्या."

"म्हणजे कसली?"

कलाबाई थोडा वेळ दुकानभर बघत राहिल्या. "ते मला ठावं असतं तर इतक्या लांब कशाला आले असते," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर अब्बांनी दुकानाची एक फळी लावून घेतली आणि सगळा माल मागच्या शहाबादी फरशीवर मांडला. इतकी वर्षं खेळणी विकलेला माणूस, पण त्या दुपारी ते बाजारात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकासारखे गोंधळून उभे होते. एकेक वस्तू उचलायचे आणि मला विचारायचे, "नसीम, पाच वर्षांचं पोर याचं काय करील?" मला काय ठाऊक. मी म्हणायचे, चालवील, वाजवील, फेकील. त्यांनी चाकांची ढोलगाडी घेतली, दोरीनं ओढली की वरच्या काड्या ढोलावर पडतात ती. ती दोन हात ओढली असेल नसेल, तोच तिची खडखड ऐकून अम्मी पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून धावत अंगणात गेली. आम्ही बाहेर गेलो तर ती पांढरी पडून मधोमध उभी होती. कुणी हसलं नाही. अब्बांनी गाडी उचलली आणि दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.

मग तिच्याच कानांनी माल पारखायचं ठरलं. अम्मी पडद्यापलीकडं आमच्याकडं पाठ करून बसली आणि आम्ही एकेक खेळणं वाजवत गेलो. तिचे खांदे उडाले की ते बाजूला. पत्र्याचा बेडूक बाजूला. पिपाणी बाजूला. खुळखुळा चालला. लाकडी ठोकळ्यांचा एक डबा होता, पुण्याहून आलेला, कुणीच न घेतलेला. मी त्यांचं एक घर रचलं. भिंती उभ्या केल्या, वर आडवे ठोकळे टाकले. शेवटचा ठेवताना हात लागला आणि घर पडलं. आवाज काही मोठा नव्हता, अम्मीला तो कळलाही नाही. पण अब्बा आणि मी त्या ढिगाकडं बघत राहिलो. अब्बांनी ठोकळे डब्यात भरले.

"हे नको."

"अब्बा, पण मुलांना रचायला काहीतरी लागतंच."

"रचलं की पडतं," ते म्हणाले आणि झाकण लावलं.

आज मी बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवते. नांदेडला माझ्याकडं तरुण आई-बाप येतात आणि विचारतात, मॅडम, मेंदूच्या वाढीसाठी कुठलं खेळणं चांगलं? तीन वर्षांच्या पोराला अक्षरं येतील, आकडे येतील, पुढं अमक्या परीक्षेला उपयोग होईल असं काही सांगा. त्यांच्या डोळ्यांत मला ती दुपार दिसते. आपण पोरासाठी निवडतो आहोत असं वाटतं, पण निवडत असते ती बहुतेक वेळा आपली भीती. त्या दिवशी आम्ही अगदी तेच केलं. मागं उरल्या चिंध्यांच्या बाहुल्या, रबरी चेंडू, खुळखुळे, आणि भातुकली. भातुकली अब्बांनी भरपूर घेतली. तवा, परात, हंडा, पळी, छोटी छोटी ताटं. "यात भ्यायचं काय आहे," असं म्हणून त्यांनी गोणीचं तोंड शिवलं.

मी सोबत जावं असं अब्बांनीच सुचवलं. अम्मी तयार झाली ती एका अटीवर. येताना लातूरला उतरून खोली बघायची, भिंतीला केसाएवढी जरी चीर असेल तर माझं सामान घेऊनच परत यायचं. सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. गोणी टपावर, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत. अहमदपूर, मग लातूर, मग पुढं. लातूर सोडल्यावर रस्त्याकडेला पत्र्याच्या वस्त्या दिसायला लागल्या आणि गाडीतली माणसं बोलायची थांबली. कंडक्टरनं घंटी न वाजवता हाताच्या खुणेनंच गाडी थांबवली आणि आम्हाला उतरवलं.

वस्तीत पत्र्याच्या शेडांच्या सरळ रांगा होत्या. गावासारखं वळण कुठं नव्हतं. वारा आला की सगळे पत्रे एकदम कडकडायचे आणि पोरं मान न हलवता डोळे वर करायची. बालवाडीच्या शेडात ती ओळीनं बसली होती, हात मांडीवर ठेवून. अब्बांनी ताडपत्रीवर सगळं मांडलं. कलाबाई म्हणाल्या, "घ्या रे," आणि पोरांनी ओळीनं येऊन एकेक वस्तू घेतली, पुन्हा जागेवर जाऊन बसली. एका मुलानं चेंडू मांडीत धरून ठेवला. त्यानं तो टाकलाही नाही. अब्बा कोपऱ्यात उकिडवे बसले होते आणि त्यांची बोटं सारखी टोपीकडं जात होती. बाजारात त्यांनी पोरं रडताना पाहिली होती, हट्ट करताना, लोळण घेताना पाहिली होती, पण इतकी शहाणी पोरं त्यांनी कधी पाहिली नव्हती.

फक्त एका मुलीनं थोडं वेगळं केलं. शेवंता तिचं नाव, पाचेक वर्षांची. तिनं भातुकलीतला तवा घेतला, उलटा करून खालून बघितला, बोटानं ठोकला, जशा बायका बाजारात भांडं घेताना ठोकतात. मग परात घेतली, हंडा घेतला, ताटं घेतली. फ्रॉकची ओटी करून सगळं त्यात ठेवलं. "ही सारजाबाईची पुतणी," कलाबाई मला हळूच म्हणाल्या. "आई गेली हिची. बाप कामाला जातो लातूरला. चुलती सांभाळती." मग त्यांनी आम्हाला चहाला शेजारच्या शेडात नेलं, पोरांवर एका मोठ्या मुलीला लक्ष ठेवायला सांगून. चहा पिऊन परत आलो तेव्हा शेवंता ओळीत नव्हती.

आधी कुणाला काही वाटलं नाही. शेडामागं बघितलं, नळावर बघितलं. मग सारजाबाई आली. तिनं एकदाच विचारलं, "माझी पोरगी कुठं हाय?" आणि कुणी लगेच उत्तर दिलं नाही म्हटल्यावर ती ओरडायला लागली. तो आवाज मी विसरले नाही. त्या वस्तीत एक बाई ओरडली की सगळी माणसं शेडातून बाहेर यायची, हातातलं टाकून, चपला न घालता, आणि मोकळ्या जागेत येऊन उभी राहायची. तशी ती आली. कुणी विहिरीकडं पळालं, कुणी रस्त्याकडं. अब्बा मात्र ताडपत्रीपाशी गेले आणि खेळण्यांवरून हात फिरवत राहिले, काहीतरी शोधत असल्यासारखे. मग कलाबाईंना म्हणाले, "बाई, तवा नाही. हंडा नाही. भांडी घेऊन गेली ती."

कलाबाईंनी ओढ्यापलीकडं बघितलं. तिकडं जुनं गाव होतं.

तिकडं जायची पोरांना बंदी होती. अर्ध्या भिंती उभ्या होत्या, मातीच्या छताची, माळवदाची लाकडं लोंबकळत होती आणि रोज कुठं ना कुठं काहीतरी ढासळायचं. आम्ही ओढा ओलांडून दगडांच्या ढिगांवरून चालत गेलो, पुढं सारजाबाई, मग कलाबाई, मागं अब्बा आणि मी. गल्ल्या कुठं होत्या ते मला कळत नव्हतं, पण त्या दोघींचे पाय मात्र गल्लीनंच वळत होते. एका कडुलिंबाच्या झाडापाशी सारजाबाई थांबली. समोर दगडमातीची एक जाडजूड भिंत बाहेरच्या अंगाला कललेली उभी होती, तिच्यावर दोन लाकडं अडकलेली, आणि त्यांच्याखालच्या पोकळीत शेवंता बसली होती. तिथं त्यांची चूल होती म्हणे. ती परातीत माती मळत होती.

सारजाबाईनं हाक मारली, जोरात. पोरीनं वर बघितलं, भांडी गोळा केली आणि आणखी आत सरकली. वरून थोडी माती खाली आली. कलाबाईंनी सारजाबाईचं तोंड हातानं दाबलं आणि तिला मिठीत घट्ट धरून ठेवलं. आत जायचं तर त्या लाकडांना धक्का लागणार होता. मी मागच्या मागं दोन पावलं सरले. मला वाटत होतं की जमीनच हलते आहे.

तेव्हा अब्बा पुढं गेले. भिंतीपासून बऱ्यापैकी लांब, लिंबाच्या सावलीत, त्यांनी चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "घरात कोणी हाय का? पाहुणा आलाय."

आत एक भांडं सरकल्याचा आवाज झाला.

"कंधारहून आलो. लई भूक लागली बघा."

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "थांबा. चूल पेटंना."

"काही घाई न्हाई. पण मी बाहेरच जेवीन. मला ओसरीवर बसून जेवायची सवय हाय."

"ओसरी न्हाई आता," ती म्हणाली.

अब्बांनी वर लिंबाकडं बघितलं. मग म्हणाले, "मग झाडाखाली चालंल. सावली चांगली हाय इथं."

"आईला विचारते," असं म्हणून ती भिंतीकडं वळली. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. सारजाबाई कलाबाईंच्या मिठीतच खाली बसली. आम्ही सगळे जण त्या उत्तराची वाट बघत होतो, खरोखरच बघत होतो. शेवंता परत वळली. "वाढ म्हनली."

ती ताट घेऊन रांगत बाहेर आली. ताटात मातीची भाकर आणि लिंबाचा पाला होता. तिनं ते अब्बांच्या पुढ्यात ठेवलं. मला वाटलं, आता. आता अब्बा तिचा हात धरतील. कलाबाईही तेच खुणावत होत्या. अब्बांचे हात गुडघ्यांवरच राहिले. शेवंता वळली आणि पाणी आणायला पुन्हा आत गेली. वरून परत माती सांडली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती हंडा घेऊन येत होती, पाणी सांडू नये म्हणून जपून, पावलं मोजून टाकत, आणि हंड्यात काहीच नव्हतं. तिनं हंडा ठेवला, ताटाकडं बघितलं आणि म्हणाली, "मीठ ऱ्हायलं."

"मीठ नको," अब्बा म्हणाले. "तू बस. घरची बाई जेवल्याबिगर आम्ही घास घेत न्हाई. आमच्यात तशी रीत हाय."

अशी काही रीत आमच्यात नव्हती. शेवंतानं थोडा विचार केला. भिंतीकडं एकदा बघितलं. मग फ्रॉक गुडघ्यांवर ओढून ती त्यांच्यासमोर बसली. अब्बांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला, चावल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तिखट झालं जरा." ती म्हणाली, "मग पानी प्या." त्यांनी रिकामा हंडा तोंडाला लावला. त्यांचे डोळे भरले होते. ते तिखटामुळं आहे असं तिला वाटलं असावं, कारण तिनं पदर नसताना पदरानं वारा घातल्यासारखं केलं.

ती भिंत पडली नाही. आम्ही तिथून निघालो तेव्हाही उभी होती आणि पुढं कितीतरी महिने उभीच होती, असं नंतर कलाबाईंनी सांगितलं. अब्बांनी पहिल्यांदाच पोरीचा हात का धरला नाही, हे मी पुढं एकदा विचारलं. ते म्हणाले, "माझे हातच उचलले नाहीत." मी मोठी झाल्यावर, या कामात पडल्यावर, त्या गोष्टीचा शहाणपण म्हणून अर्थ लावून बघितला. तिचा खेळ मोडला असता तर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली असती वगैरे. पण मला ते खरं वाटत नाही. अब्बा घाबरले होते. घाबरलेला माणूस खेळू शकतो, आणि त्याचं खेळणं खोटं नसतं, एवढंच मला त्या दिवसाबद्दल सांगता येतं.

वस्तीत परत आल्यावर सारजाबाईनं पोरीला एक रट्टा दिला आणि मग छातीशी धरून तिच्यापेक्षा मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर तिनं भांडी अब्बांच्या पायाशी टाकली. "ही घेऊन जावा. ह्याच्यापायीच गेली ती." अब्बा गोणी उघडायला लागले. त्यांना तेच हवं होतं, सगळं भरून लवकरात लवकर निघून जाणं.

"नेऊ नका," कलाबाई म्हणाल्या.

"उद्या परत गेली तर?" सारजाबाईनं विचारलं. "तू भरून देशील का मला?"

कलाबाई शेडाबाहेर गेल्या, तीन दगड आणले, माती कालवली आणि शेडाच्या सावलीला चूल घालायला बसल्या. माती पातळ झाली होती, दगड हलत होते. सारजाबाई जरा वेळ बघत राहिली. मग, "सरक तिकडं, अशी असती का चूल," म्हणून तिनं कलाबाईंना बाजूला केलं आणि स्वतः थापायला लागली. पोरं एकेक करून ओळीतून उठली. कुणी काटक्या आणल्या. चेंडू मांडीत धरून बसलेल्या मुलानं तो भाजी करायला दिला. शेवंता कमरेवर हात ठेवून सांगत होती, तू पाहुणा, तू पाहुणा, तू नको, तू जेवलास. त्या दिवसातला पोरांचा पहिला गलका तिथं झाला आणि अब्बा त्या गलक्यानंही दचकत होते.

पुढचं सांगून टाकते. शेवंता आणखी एकदा त्या भिंतीकडं गेली. त्या वेळी सारजाबाई तिच्याबरोबर गेली आणि दोघी रडून परत आल्या, मग गेल्या नाहीत. अब्बांनी नंतर त्या बालवाडीला बऱ्याचदा गोणी नेली. तीत तयार वस्तू कमी होत गेल्या आणि चिंध्या, दोऱ्या, सुटी चाकं, रिकामे डबे असलं काहीबाही वाढत गेलं. ठोकळेही नेले. पोरं त्यांची घरं रचायची, पाडायची, पुन्हा रचायची, आणि प्रत्येक वेळी कलाबाईंचा जीव वरखाली व्हायचा. मी लातूरला परत गेले, मांडवात बसून शिकले. डॉक्टर होण्याइतके गुण मला पडले नाहीत. त्याचं दुःख पुष्कळ दिवस राहिलं. मग मी डी.एड. केलं आणि हळूहळू या लहान पोरांच्या कामात आले.

पण त्या संध्याकाळी हे काहीच ठरलेलं नव्हतं. परतीच्या एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. लातूरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली, माणसं उतरली, चढली. अहमदपूर मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही खोली बघायला उतरलोच नाही. मी अब्बांकडं पाहिलं. त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पिशवीतली भाकरी आणि चटणी तशीच परत आली होती. अम्मी अंगणातच उभी होती. तिनं पहिलं तेच विचारलं, "खोली कशी आहे?"

मी पिशवी खाली ठेवली.

"बघितली नाही," अब्बा म्हणाले. "जाऊ दे तिला."

अम्मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. ती चुलीपाशी गेली, डाळ गरम केली, दोन ताटं वाढली. मी हात धुऊन बसले आणि अधाशासारखी खाऊ लागले. अब्बा उभेच होते.

"बसा ना," अम्मी म्हणाली.

"मी जेवून आलो."

"कुणाकडं?"

अब्बांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"शेवंताबाईंकडं," ते म्हणाले.